कालवं जगतात, वीण घटते : सूक्ष्म प्लास्टिक आणि शिंपल्यांची पुढची पिढी

वेळणेश्वरी (धागाकर्ती)

सूक्ष्म प्लास्टिकची बातमी आली की आपल्याकडची चर्चा एकाच जागी अडते: ते आपल्या पोटात किती जातं? मासे खावेत का, मीठ कुठलं घ्यावं, बाटलीतलं पाणी बरं की नळाचं. प्रश्न रास्तच आहेत. पण ज्या जिवांच्या अंगातून हे कण रात्रंदिवस वाहतात त्यांचं काय होतं, ते फारसं कुणी विचारत नाही. मी पुण्यात प्राणिशास्त्र शिकवते, माहेर गुहागरकडचं. कालवं, तिसऱ्या, शिनाणे हे शिंपल्यांचे प्रकार लहानपणापासून ताटात आले आणि पुढे अभ्यासातही आले. त्यांच्या विणीबद्दल जे वाचलं ते मनातून जात नाही, म्हणून हा धागा.

फ्रान्समध्ये ब्रेस्टजवळ इफ्रेमेर या सरकारी सागरी संशोधन संस्थेचं केंद्र आहे. तिथल्या गटाने २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी पॅसिफिक कालवं घेतली, जगभर पाळली जाणारी हीच मुख्य जात. अंडी आणि शुक्राणू तयार होण्याच्या ऐन काळात त्यांना दोन महिने अशा पाण्यात ठेवलं, ज्यात पॉलिस्टायरीनचे बारीक गोलक सोडले होते. पॉलिस्टायरीन म्हणजे ज्याचं थर्माकोल होतं तेच. गोलक दोन मापांचे, २ आणि ६ मायक्रॉनचे. आपला केस साधारण ७०-८० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना करा. पाण्यातलं प्रमाण लिटरमागे ०.०२३ मिलिग्रॅम.

६ मायक्रॉनचे गोलक कालवांनी भराभर गिळले, पाण्यातले जवळजवळ ६९ टक्के. २ मायक्रॉनचे फक्त १४ टक्के. कारण उघड आहे. ज्या सूक्ष्म शैवालावर कालव जगतं त्याची पेशी साधारण तेवढीच असते, पाच-सहा मायक्रॉनची. कालवाच्या कल्ल्यांवरची गाळणी कण निवडते ती मुख्यतः आकारावरून. त्या मापात जे बसेल ते आत.

आता पुढचं नीट वाचा. कालवं मेली नाहीत. उपाशीही राहिली नाहीत, उलट त्यांनी शैवाल नेहमीपेक्षा जास्त खाल्लं. टाकीकडे नुसतं बघून कुणी म्हणालं असतं, सगळं ठीक आहे. पण माद्यांची अंडी ३८ टक्क्यांनी कमी भरली. अंड्यांचा व्यास ५ टक्क्यांनी घटला. शुक्राणूंचा वेग २३ टक्क्यांनी मंदावला. या आईबापांपासून जी पिल्लं झाली त्यांत पहिल्या टप्प्याच्या अळ्या ४१ टक्क्यांनी कमी, आणि ज्या झाल्या त्यांची वाढ १८ टक्क्यांनी सावकाश. या अळ्यांनी स्वतः प्लास्टिक पाहिलंही नव्हतं. भोगलं आईबापांनी, भरपाई पिल्लांनी केली.

यामागचं कारण ऊर्जेच्या हिशोबात आहे, असं त्या गटाचं म्हणणं. आतड्यात निरुपयोगी कण फिरत राहिले की पचनात अडथळा येतो. तो भरून काढायला प्राणी जास्त खातो, शरीर टिकवण्याकडे ऊर्जा वळवतो, आणि काटछाट होते ती विणीत. २०१८ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियातल्या काळ्या ओठांच्या मोत्याच्या कालवांवरही असाच दोन महिन्यांचा प्रयोग झाला. तिथे तर प्राण्याने बीजग्रंथीत, म्हणजे अंडी-शुक्राणू तयार होतात त्या अवयवात, साठवलेलं द्रव्यच मोडून वापरायला सुरुवात केली होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण प्रदूषण मोजतो ते मेलेल्या माशांवर, वासावर, फेसावर. इथे मरण नाहीच. प्राणी धडधाकट दिसतो आणि पुढची पिढी कमी होते. ही हानी बघायची तर विणीच्या काळात, बीजग्रंथीतच बघावी लागते.

सुरमई

फार मोलाची माहिती, ताई. पण मनात आलेलं विचारतेच. रविवारी तिसऱ्या आणायच्या की नाही? गणेश पेठेतून आणतो आम्ही, घरात सगळ्यांच्या आवडीच्या.

वेळणेश्वरी

सुरमई, आम्हीही आणतो. माशाचं आतडं आपण काढून टाकतो, तिसरी किंवा कालव मात्र आतड्यासकट खातो, म्हणून कण पोटात जाण्याचा प्रश्न शिंपल्यांत जास्त येतो. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात पाळलेल्या निळ्या शिंपल्यांत ग्रॅममागे सरासरी ०.३६ आणि कालवांत ०.४७ कण मिळाले होते. तीन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवल्यावर ते आकडे ०.२४ आणि ०.३५ वर आले. म्हणजे प्राणी काही भाग स्वतःच बाहेर टाकतो. आपल्या आज्या रेती निघावी म्हणून तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवतात, ती पद्धत सोडू नका. पाणी मधे एकदा बदला. आणि तोंड न मिटणारी तिसरी टाकून द्या. सांडपाण्यातल्या जंतूंचा धोका आज प्लास्टिकपेक्षा जवळचा आहे, तेव्हा शिजवताना घाई नको.

पाषाणकर

विषय महत्त्वाचा आहे, म्हणूनच थोडा विरोध नोंदवतो. पॉलिमर हेच माझं काम.

पहिलं, प्रमाण. हा २०१६ चा प्रयोग ज्या नियतकालिकात आला, त्यातच नंतर एक पत्र आलं होतं. त्यात म्हटलं होतं की प्रयोगशाळेत सोडलेल्या कणांची संख्या समुद्रात प्रत्यक्ष मोजलेल्या संख्येपेक्षा शेकडो पटींपासून कोटी पटींपर्यंत जास्त असते, आणि प्रयोग वास्तवाला धरून हवेत. हा आक्षेप गंभीर आहे. दुसरं, एकसारखे गुळगुळीत गोलक समुद्रात असतात कुठे? तिथे तुकडे आहेत, धागे आहेत, टायरची झीज आहे, आणि सगळ्यावर जिवाणूंचा थर. तिसरं, इंग्लंडमधल्या गटाने २०१५ मध्ये पॅसिफिक कालवांच्याच अळ्यांना मिलिलिटरमागे १०० कणांपर्यंत प्लास्टिक दिलं. अळ्यांनी ते गिळलं, पण खाण्यावर किंवा वाढीवर मोजण्याजोगा परिणाम दिसला नाही.

हे न सांगता फक्त ३८ आणि ४१ टक्के सांगितले तर उद्या कुणीतरी ‘कालवं नामशेष होणार’ असा संदेश फिरवेल आणि मग खऱ्या गोष्टीवरही लोक विश्वास ठेवणार नाहीत.

मुठाकाठ

पाषाणकर, मुद्दा पटला. पण प्रमाण कमी आहे म्हणून थांबायचं का?

वेळणेश्वरी

पाषाणकर, तुमचे तिन्ही मुद्दे धाग्यात यायलाच हवे होते, आले हे उत्तम. आज कोकणच्या किंवा फ्रान्सच्या किनाऱ्यावर वीण ४१ टक्क्यांनी घटली आहे, असं मी म्हणत नाही आणि त्या शास्त्रज्ञांनीही म्हटलेलं नाही.

पण ‘समुद्रात प्रत्यक्ष मोजलेली संख्या’ कशी मोजतात, तेही इथे यावं. बहुतेक मोजणी बोटीमागे ओढायच्या जाळीने होते आणि त्या जाळीचं छिद्र साधारण ३३० मायक्रॉनचं. ६ मायक्रॉनचा कण त्यातून सरळ निघून जातो. कालव जे मापाचं खातं त्या मापाचे कण आपल्या आकड्यांत आलेलेच नसतात. मोठे तुकडे मोजायचे आणि त्यावरून बारीक कण थोडेच असतील म्हणायचं, हे मला मान्य नाही. मोठ्याचेच बारीक होतात. आज समुद्रात एक पिशवीही नवी पडली नाही तरी आधी पडलेल्या तुटत राहणार.

अळ्यांच्या प्रयोगाबद्दल: तो काही दिवसांचा होता, आणि अळीला अंडी घालायची नसतात. हिसका बसतो तो प्रौढ प्राणी बीजग्रंथी भरत असताना. त्या दोन महिन्यांत मादीला जेवढी ऊर्जा लागते तेवढी वर्षात इतर वेळी लागत नाही. म्हणून ‘वाढीवर परिणाम नाही’ हे वाक्य खरं असूनही विणीबद्दल काही सांगत नाही.

पाषाणकर

जाळीचा मुद्दा मान्य. त्यात माझ्या बाजूने भर घालतो, कारण गुळगुळीत गोलकांवरचा माझा आक्षेप दोन्हीकडे कापतो.

पॉलिप्रॉपिलीनचा दोर उन्हात पडला की अतिनील किरणांनी साखळ्या तुटतात, पृष्ठभाग ठिसूळ होतो, बारीक भेगा पडतात आणि तिथून भुगा सुटतो. कारखान्यात आपण त्यात स्थिरके, रंग, मऊपणा आणणारी द्रव्यं घातलेली असतात. प्रयोगातले गोलक बहुधा यातलं काहीच बरोबर आणत नाहीत. काही थॅलेट आणि बिस्फेनॉल ए ही प्लास्टिकमधली रसायनं संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात हे प्रस्थापित आहे. म्हणजे खरा कण आकाराने वेडावाकडा आणि वर रसायनंही घेऊन येणारा. तो गोलकापेक्षा सौम्य असेल असं धरून चालायला काही आधार नाही.

आणखी एक. त्याच फ्रेंच मंडळींनी २०१८ मध्ये ५० नॅनोमीटरच्या, म्हणजे ०.०५ मायक्रॉनच्या, कणांवर काम केलं. ज्यांच्या पृष्ठभागावर अमाइन (नायट्रोजन असलेले रासायनिक) गट होते ते कण कालवाच्या अंडी-शुक्राणूंच्या मिलनात आणि भ्रूणाच्या वाढीत सर्वाधिक आड आले. जास्त प्रमाणात तर वीण पूर्ण थांबली. मायक्रॉनच्या मापाचे कण तेवढे घातक ठरले नाहीत. कालव समुद्रात उघड्यावर वितं: नर-मादी आपापलं बीज पाण्यात सोडतात आणि फलन बाहेरच होतं. त्यामुळे पाण्यात जे असेल ते थेट अंड्याला चिकटतं. हेही प्रमाण निसर्गातल्यापेक्षा जास्तच, ते मी पुन्हा सांगतो.

हर्णैची_पोर

मी हिंजवडीत असते, पण घर किनाऱ्यावर. माझी आत्या अजून कालवं काढायला जाते. ओहोटीला खडक उघडे पडले की बायका उकिडव्या बसून टोकदार लोखंडाने वरची शिंप उचकटतात, मांस डब्यात टाकतात. खालची शिंप खडकालाच राहते. नवीन कालवाचं पिल्लू येऊन बसतं ते अशाच जुन्या शिंपांवर, म्हणून आत्या खडक खरवडून कधीच काढत नाही आणि दुसऱ्या कुणाला काढू देत नाही.

गेल्या खेपेला मी मुद्दाम जवळून बघितलं. दोन शिंपांच्या बेचक्यात हिरव्या नायलॉनचे तंतू अडकलेले, जाळ्याचे. काही ठिकाणी शिंप वाढताना तंतू आतच चिणला गेला होता, ओढला तरी निघेना. आत्याचं म्हणणं, मोठी कालवं मिळतात पण नखाएवढी बारकी पूर्वीसारखी दाट दिसत नाहीत. ताई, हे तुम्ही लिहिलंय तेच असेल का?

वेळणेश्वरी

हर्णैची_पोर, आत्यांनी जे पाहिलं ते अगदी नेमकं पाहिलंय. मोठी आहेत आणि बारकी विरळ, ही विणीत किंवा पिल्लं बसण्यात खोट असल्याची खूण असू शकते. पण त्याचं खापर एकट्या प्लास्टिकवर फोडू नका. खाडीतला वाळूउपसा, गाळ, सांडपाणी, पावसाच्या वेळापत्रकातले बदल, पाण्याचं तापमान, जास्त काढणी, यातलं काहीही कारण असू शकतं, आणि बहुतेक वेळा सगळी एकत्र असतात. कालव आयुष्याची सुरुवात बहुधा नर म्हणून करतं आणि पुढे मादी होतं. मोठी कालवंच अंडी देणारी असतात. त्यामुळे फक्त मोठी-मोठी काढून नेली तरी वीण घटते.

आत्यांना एक विनंती करा. कुठल्या खडकावर, कुठल्या महिन्यात बारकी दिसली, हे जमेल तसं लिहून ठेवा, नाहीतर तुम्ही फोनवर विचारून लिहा. अशी नोंद आपल्या किनाऱ्यावर फार थोड्यांकडे आहे.

दर्यावर्दी

मी जन्मभर जहाजांवर होतो, निवृत्तीनंतर सहकारनगरला. कालवांच्या विणीचा विषय निघाला म्हणून आमच्या धंद्यातली एक जुनी गोष्ट सांगणं कर्तव्य समजतो.

जहाजाच्या तळाला शेवाळ, बार्नॅकल चिकटू नये म्हणून ट्रायब्युटिलटिन असलेला रंग लावत. त्याहून चांगला रंग आम्ही पाहिला नव्हता. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर आर्काशोंचा उपसागर आहे, कालवशेतीसाठी नावाजलेला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे कालवांची पिल्लं बसेनाशी झाली. मोठी होती त्यांच्या शिंपा वेड्यावाकड्या जाड होऊ लागल्या. शोध घेतला तेव्हा बंदरात उभ्या असलेल्या होड्यांच्या रंगाकडे बोट गेलं. १९८२ मध्ये फ्रान्सने लहान होड्यांवर तो रंग बंद केला आणि काही वर्षांतच पिल्लं पुन्हा बसायला लागली. इंग्लंडमध्ये त्याच रसायनाने समुद्री गोगलगाईंच्या माद्यांना नराचे अवयव फुटत होते, तिथे १९८७ मध्ये बंदी आली. जगभरच्या जहाजांसाठीचा करार अमलात यायला मात्र २००८ उजाडलं.

त्या रसायनाचं प्रमाण पाण्यात किती होतं? लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये मोजावं लागे. सुरुवातीला ‘इतक्या कमी प्रमाणाने काय होतंय’ हे वाक्य गोदीत मी स्वतः ऐकलंय. तेव्हा पाषाणकर, प्रमाणाचा मुद्दा योग्य असला तरी कालवांनी पूर्वी एकदा वेळेत सांगितलं होतं आणि ते खरं निघालं होतं.

पाषाणकर

दर्यावर्दी काका, ही माहिती इथे आल्याने धागा वजनदार झाला. फरक एकच. तिथे रंग एक होता, लावणारे ठरावीक होते, बंदी घालता आली. प्लास्टिकचा असा एक नळ नाही. म्हणून लोक नियम करून मोकळे होतात. आपल्याकडे राज्याची बंदी २०१८ ची, केंद्राची एकदाच वापरायच्या वस्तूंवरची १ जुलै २०२२ पासून. त्यात पिशव्या, काटे-चमचे, काड्या आल्या. कपड्याचा धागा आणि टायरचा भुगा त्यात नाहीच.

मुठाकाठ

आता माझा विषय. आपल्या पुण्याचं प्लास्टिक जातं कुठे?

बऱ्याच पुणेकरांना वाटतं की आपला कचरा वाहत जाऊन कोकणातल्या कालवांच्या तोंडात जातो. जात नाही. सह्याद्रीचा कणा मधे आहे. मुळा-मुठा संगमावर एक होतात, पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतात, भीमा दौंडवरून उजनीत शिरते, मग पंढरपूर, सोलापूर, पुढे कर्नाटक, आणि रायचूरच्या परिसरात कृष्णेला मिळते. कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. आपल्या धुण्याच्या पाण्यातला जो धागा उजनी, श्रीशैलम, नागार्जुनसागर ओलांडून जात असेल तो पूर्वेच्या समुद्रात पोचतो. बाकीचा वाटेतल्या धरणांच्या गाळात बसत असणार.

म्हणजे आपल्या प्लास्टिकचा पहिला वाटेकरी समुद्रातलं कालव नव्हे. तो आपल्याच नदीतला शिंपला. भीमेच्या खोऱ्यात गोड्या पाण्याचे शिंपले आहेत, लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस हा त्यातला मोठा, तळहाताएवढा, बाहेरून काळपट आणि आत मोत्यासारखा चमकदार. धरणाच्या वरच्या अंगाला, स्वच्छ वाळू-चिखलात, अजून जिवंत मिळतात. शहराच्या पट्ट्यात मला फक्त रिकाम्या शिंपा दिसतात. एक उचलून धुतली तर आतल्या गाळात केसांसारखे निळे-लाल तंतू निघाले. भिंगाखाली ते चपटे नव्हते, सारख्या जाडीचे आणि चकचकीत होते, कापसाच्या पीळ पडलेल्या तंतूसारखे अजिबात नाहीत. एका शिंपेवरून निष्कर्ष काढत नाही, दिसलं ते सांगितलं.

वेळणेश्वरी

मुठाकाठ, तुम्ही धागा योग्य जागी आणलात. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांची वीण तर समुद्री कालवापेक्षाही नाजूक.

कालव बीज पाण्यात सोडून मोकळं होतं. आपल्या नदीतल्या शिंपल्याची मादी नराचे शुक्राणू पाण्याबरोबर आत ओढते आणि फलित अंडी स्वतःच्या कल्ल्यांत सांभाळते. म्हणजे ज्या अवयवाने ती श्वास घेते, अन्न गाळते, तोच तिचा पाळणा. कल्ल्यांवर कण येऊन बसले तर त्याची झळ खाणं, श्वास आणि गर्भ या तिघांना एकदम लागू शकते. पुढे तिची अळी, ग्लोकिडियम, बाहेर पडते ती माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटते, काही आठवडे तिथे राहते, मग तळाला गळून पडते आणि स्वतंत्र जगायला लागते. मासा नाही तर पिल्लू नाही. आणि मासा कुठलाही चालतो असंही नाही.

समुद्री शिंपल्यांवर जेवढं काम झालंय त्याच्या तुलनेत आपल्या नद्यांतल्या शिंपल्यांच्या विणीवर या दृष्टीने झालेलं काम फार तुटपुंजं आहे. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, प्राणिशास्त्राचे विभाग असलेली इतकी महाविद्यालयं आहेत. पॉलिमर ओळखणारी माणसं आणि शिंपला ओळखणारी माणसं एकाच शहरात राहतात. त्यांनी एका टेबलावर बसावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. इतकी सोय दुसऱ्या कुठल्या शहरात आहे?

यंत्रमाग

मूळ इचलकरंजीचा, आता पुण्यात कापडाच्या तपासणीचं काम करतो. मुठाकाठ यांनी सांगितलेले निळे-लाल तंतू पॉलिएस्टर किंवा ॲक्रिलिकचे असण्याची शक्यता मोठी. खात्री हवी तर तपासणी लागेल.

इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठाने २०१६ मध्ये मोजलं होतं: सहा किलोच्या धुण्यातून ॲक्रिलिकचे सात लाखांहून जास्त तंतू सुटू शकतात, पॉलिएस्टरचे सुमारे पाच लाख, पॉलिएस्टर-सुती मिश्रणाचे सुमारे १ लाख ३८ हजार. ‘सूक्ष्म प्लास्टिक’ हा शब्द रूढ करणारा २००४ चा लेखही तिथल्याच रिचर्ड थॉम्प्सन यांच्या गटाचा.

कुठलं कापड जास्त सोडतं? आखूड तंतूंपासून कातलेलं, ज्याच्या पृष्ठभागावर लव दिसते ते. थंडीत घालतो ते फ्लीस त्यातलं सगळ्यात वाईट. सलग लांब तंतूचं घट्ट विणलेलं कापड त्यामानाने कमी सोडतं. पहिल्या काही धुण्यांत सर्वात जास्त सुटतं, मग कमी होत जातं. वरून उघडणारं मशिन पुढून उघडणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त तंतू काढतं, कारण मधल्या दांड्याची घुसळण. म्हणून साधे उपाय: मशिन भरून लावा, गार पाणी, कमी वेळ, आणि फ्लीस उगीच धुऊ नका. मशिनच्या सांडपाण्याच्या नळीला बाहेरून लावायच्या गाळण्या मिळतात. गाळणीतला तंतूंचा कचरा मात्र परत बेसिनमध्ये धुवायचा नाही, सुक्या कचऱ्यात टाकायचा. फ्रान्सने २०२० च्या कायद्यात नव्या मशिनला अशी गाळणी हवी, ही तरतूद केली. आपल्याकडे निदान मोठ्या लाँड्र्यांपासून सुरुवात व्हावी असं मला वाटतं. तिथे एका नळीतून शेकडो घरांचं धुणं जातं.

सुरमई

आमच्या सोसायटीचं स्वतःचं सांडपाणी शुद्धीकरण यंत्र आहे. मग तंतू तिथेच अडतात ना?

पाषाणकर

नीट चालत असेल तर बहुतेक अडतात, जगभरचे आकडे नव्वद टक्क्यांच्या वरचे आहेत. पण ते नाहीसे होत नाहीत, खाली बसलेल्या गाळात जातात. तो गाळ कुठे जातो ते सोसायटीच्या बैठकीत विचारा. शिवाय नव्वद टक्के अडले तरी लाखो तंतूंतले उरलेले दहा टक्के नदीतच. आणि जे सांडपाणी केंद्रापर्यंत पोचतच नाही, नाल्यातून थेट नदीत उतरतं, त्याचे शंभर टक्के. शहरात जायका या जपानी संस्थेच्या मदतीने ११ नवी केंद्रं बांधायचा प्रकल्प आहे, त्याचा उपयोग या बाबतीतही होईल.

हवेलीकर

शेतकरी आहे. तो वाळलेला गाळ खत म्हणून आमच्याकडे येतो. काळा, भुसभुशीत, वास नसतो. पिकाला लागू पडतो, खोटं बोलणार नाही. पण पावसाळ्यात वावरातली माती ओढ्याला आणि ओढा नदीला. म्हणजे अडवलेलं परत नदीतच येतं का?

पाषाणकर

हवेलीकर, काही भाग येणारच. बराचसा मातीत मुरून राहतो. निदान उताराच्या आणि ओढ्यालगतच्या पट्टीत तो गाळ टाकू नका, बांधाला गवत राहू द्या. बाकी हा प्रश्न तुमच्या वावरात सुटणारा नाही, तो गाळ देणाऱ्यांनी सोडवायचा.

हर्णैची_पोर

शिनाण्यांबद्दल कुणी काही सांगेल का? आमच्याकडे खडकावर धरून बसतात ते हिरवे.

वेळणेश्वरी

त्या हिरव्या शिनाण्यांवर, पेर्ना व्हिरिडिस, इंडोनेशियात काम झालंय, २०१६ चंच. पीव्हीसीचे कण असलेल्या पाण्यात तीन महिने ठेवल्यावर त्यांचं पाणी गाळणं मंदावलं, श्वसन घटलं, खडकाला धरून ठेवणारे धागे कमी तयार झाले आणि मरतूकही वाढली. प्रमाण निसर्गापेक्षा खूप जास्त होतं, हे पाषाणकरांच्या आधी मीच सांगते. युरोपातल्या निळ्या शिंपल्यांवरही २०१९ मध्ये पकड जवळपास निम्म्यावर आलेली दिसली. आपल्या लाटांत पकड गेली की शिनाणा गेला, मग वीण कुठली? या प्राण्यांवर विणीचा स्वतंत्र अभ्यास आपल्या किनाऱ्यावर व्हायला हवा, आणि तो पावसाळ्याच्या आगेमागे, त्यांच्या बीजग्रंथी भरलेल्या असताना.

दर्यावर्दी

केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये अन्नातल्या सूक्ष्म प्लास्टिकवर प्रकल्प हाती घेतला, त्यात कोचीची मत्स्य तंत्रज्ञान संस्थाही आहे. पण तो आपल्या ताटापुरता. प्राण्याच्या विणीचं कोण बघणार? पत्र लिहायचं असेल तर मसुदा मी करतो. सह्या गोळा करायला तरुणांनी यावं.

मुठाकाठ

काका, पत्र करा, मी सह्या आणतो. तोवर आम्ही काही जण शिंपांची मोजणी सुरू करू म्हणतोय, खडकवासल्याच्या वरच्या अंगाला एक जागा आणि शहराच्या खालच्या बाजूला एक. ताई, काय पाळायचं ते सांगा. जिवंत शिंपला उघडून अंडी आहेत का बघायचं का?

वेळणेश्वरी

नाही, जिवंत शिंपला मुळीच उघडू नका. शिंपेची दोन पाती जोडणारे स्नायू तुटले की तो वाचत नाही, आणि मादी असेल तर कल्ल्यांतली सगळी पिल्लं जातात. पाण्यातून काढायचाच असेल तर मिनिटभरात मोजमाप करून ज्या जागी होता तिथेच, त्याच बाजूने चिखलात रोवून ठेवा. फेकू नका.

तुमच्यासाठी महत्त्वाचं एकच: लांबी. प्रत्येक जिवंत शिंपल्याची लांबी मिलिमीटरमध्ये, आणि रिकाम्या शिंपांचीही, वेगळ्या रकान्यात. वाढरेषा मोजत बसू नका, त्यांचा अर्थ लावायला सराव लागतो. सगळे मोठेच मिळाले आणि बोटाच्या पेराएवढा एकही नाही, तर तिथे अलीकडे वीण टिकलेली नाही, असा संशय घ्यायला जागा आहे. बारके वाळूत पूर्ण गाडलेले असतात, तेव्हा नुसतं वरवर बघून ‘नाहीत’ लिहू नका. ठरावीक चौरसातली वाळू हाताने चाळा आणि चाळलेली तिथेच परत टाका. बरोबर मासे कोणते दिसले तेही लिहा, अगदी तिलापिया असला तरी.

गाळाचा नमुना घ्यायचा तर काचेच्या बरणीत, धातूच्या झाकणाची. आणि त्या दिवशी फ्लीसचं जाकीट घालून जाऊ नका, नाहीतर तुमचेच तंतू मोजले जातील. सुती कपडे, एकाच रंगाचे, आणि तो रंग वहीत पहिल्या ओळीत लिहून ठेवा.